चौदा मुलं आणि शब्बाथ शाळेचा एक तास

पत्र: ‘मी इंदूरला राहते. आमच्या मंडळीची (चर्चची) उपासना हिंदीत होते, मराठी घरं मोजकीच आहेत. जूनपासून पाळकसाहेबांनी लहान मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, माझ्याकडे सोपवली. चार ते नऊ वर्षांची चौदा मुलं, एक खोली, एक तास आणि मदतीला कॉलेजात जाणारी एक मुलगी. तासात तीन गीतं, प्रार्थना, मागची उजळणी, नवा पाठ, बायबलमधलं एक वचन, प्रश्नोत्तरं आणि चित्र असं सगळं बसवते. पण दहाव्या मिनिटाला मुलं उठून पळू लागतात. दोघंच सगळी उत्तरं देतात. पाठ केलेलं वचन पुढच्या रविवारी कुणालाच आठवत नाही. एक चार वर्षांची मुलगी दर वेळी रडते. पालक म्हणतात, मुलं नुसती चित्रं रंगवून येतात. लहान मुलांना शिकवण्यासारखा आनंद नाही, असं सगळे सांगतात. मी मात्र डोकं धरून घरी येते. नाताळ झाला की सोडून देऊ का? आणि मराठीत शिकवू की हिंदीत? – एक शिक्षिका’

प्रिय ताई,

सोडायचं की नाही ते नाताळनंतरच ठरवा, पण तोपर्यंतचे रविवार वेगळ्या पद्धतीने घेऊन पाहा.

तुमच्या पत्रात आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तासाची यादी. साठ मिनिटांत इतकं सगळं बसवायचं म्हणजे एक काम संपतं न संपतं तोच मन पुढच्याकडे धावतं. मूल काहीतरी सांगत असतं आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे असतं. या कामातला आनंद मुलांच्या बोलण्यात आहे. गोष्ट ऐकून ती काय समजतात, कुठे अडतात, काय विचारतात, हे ऐकायला शिक्षिकेला सवड हवी. ती नसेल तर वाट्याला फक्त गोंगाट येतो, आणि तुमच्या बाबतीत तेच होतंय. म्हणून एका रविवारी एकच गोष्ट घ्या. गीत, वचन, हातकाम, प्रार्थना, सगळं त्या गोष्टीतूनच निघू द्या. उजळणी काढून टाका. तीन गीतांचं एक करा.

आता दहाव्या मिनिटाची पळापळ. तिचं मूळ बहुतेक वेळा तास सुरू होण्याच्या आधीच असतं. इंदुरात रविवारची सकाळ पोहे-जिलबीची. कुणी पावणेदहाला येतं, कुणी सव्वादहाला. सगळे जमेपर्यंत थांबलं तर वेळेवर आलेली मुलं पंधरा-वीस मिनिटं मोकळी राहतात आणि धावायला लागतात. एकदा धावायची लय लागली की त्यांना बसवणं कठीण. तेव्हा पहिलं मूल दारात आलं की शाळा सुरू झाली असं धरा. उपासना दहाची असेल तर साडेनऊला तुम्ही खोलीत हव्यात. बाकं भिंतीला सरकवा, मधे सतरंज्या घाला. मुलांची पाठ दाराकडे येईल असं बसवा, म्हणजे उशिरा येणाऱ्याकडे चौदा माना वळत नाहीत. तुमच्या मागे कोरी भिंत असू द्या. मागे खिडकी असेल तर मुलं खिडकीतून बाहेरच बघतात.

सतरंजीवर येईल त्याने हातात घ्यावं असं काहीतरी मांडून ठेवा. कोरे कागद आणि जाडे मेणखडू, लाकडी ठोकळे, आणि त्या दिवसाच्या गोष्टीतली एखादी खरी वस्तू. मेंढपाळाची गोष्ट असेल तर घोंगडी आणि काठी. सूचना काही द्यायची नाही. उशिरा आलेलं मूल गुपचूप त्यात मिसळतं, कुणाचं काही चुकत नाही. याला दहा मिनिटं द्या. मग उभं राहून हातवाऱ्यांचं एक गीत, पाच मिनिटं. दोन महिने तेच गीत ठेवा. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून त्याचे सूर ऐकताच मुलं आपोआप जमतील आणि तुम्हाला ओरडावं लागणार नाही. त्यानंतर गोष्ट सात मिनिटं, तिच्यावर बोलणं आठ, हातकाम पंधरा, वचन पाच, प्रार्थना सात आणि आवरणं तीन. आवरायची मिनिटं वाचवू नका. ओला कचरा कुठे आणि सुका कुठे हे आपल्या शहरातली चार वर्षांची मुलंही जाणतात. त्यांच्या हाती काम द्या, खोली ती स्वतः लखलखीत करतील.

गोष्टीची तयारी मात्र शनिवारी रात्री करून चालत नाही. सोमवारी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, भाग एकदा वाचा, बुधवारी पुन्हा, शुक्रवारी मोठ्याने. मग पुस्तक मिटून तीन वाक्यांत तो कागदावर उतरवा. येशूने सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट, म्हणजे दाखला, घ्या: लूकच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) अध्याय १५, वचनं ४ ते ७. शंभर मेंढरांतलं एक हरवलं. मेंढपाळ शोधत गेला. सापडल्यावर खांद्यावर घेऊन आला आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद केला. सांगताना एवढाच सांगाडा मनात ठेवायचा आणि भर कृतीत घालायची. तो मोजतोय, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव… थांबला. पुन्हा मोजतोय. मुलांना हे मोजणं फार आवडतं, त्यांना बरोबर मोजू द्या. अंधार पडतोय, तो हाक मारतोय. हाक ठरवून ठेवा, ती गोष्टीत चार वेळा येऊ द्या आणि दुसऱ्या वेळेपासून मुलांना तुमच्याबरोबर मारू द्या. आवाज हळूहळू वाढवू नका. उलट मेंढरू सापडण्याच्या जरा आधी तो एकदम खाली आणा. वाढत्या आवाजाबरोबर मुलांचाही आवाज वाढतो आणि नेमकी सापडण्याची जागा गोंधळात बुडते.

शास्त्र मांडीवर उघडं असू द्या. त्यातून वाचू नका, पण गोष्ट कुठून आली हे मुलांच्या नजरेसमोर राहावं. सुरुवात प्रश्नाने करू नका. ‘तुमच्यापैकी कुणी मेंढरू पाहिलंय?’ म्हटलं की चौदा जण चौदा गोष्टी सांगतात आणि तुमची सात मिनिटं तिथेच जातात. खरं तर मुलांनी मेंढरं पाहिलेली असतात. राजस्थानातून उंटांसह येणारे कळप माळव्यातल्या रस्त्यांवरून दर वर्षी जातात. इंदूरची गादी स्थापणारे मल्हारराव होळकर धनगर घराण्यातले, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सांगितलं तर मेंढपाळ त्यांना एकदम ओळखीचा वाटतो. पण हे सगळं गोष्टीनंतरच्या बोलण्यात.

गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नका. अनुभवी शिक्षकही इथे घाई करतात. ‘म्हणून आपण आईचं ऐकायचं’ हे वाक्य आलं की मुलांना कळतं, गोष्ट निमित्त होती, खरा मुद्दा हा होता. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात तर मेंढराला कुणी रागावतही नाही. मग बोलण्याच्या आठ मिनिटांत ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर नसलेले दोन प्रश्न विचारा. मेंढरू एकटं होतं तेव्हा त्याला काय ऐकू आलं असेल? तुम्हाला या गोष्टीतला कुठला भाग सगळ्यात आवडला? प्रश्न विचारून मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. पाच सेकंदांची शांतता शिक्षकाला फार लांब वाटते, पण पाच वर्षांच्या मुलाला वाक्य जुळवायला तेवढा वेळ लागतोच. शिक्षक दुसऱ्या सेकंदाला पुढे जातात, म्हणून तयार असलेली दोनच मुलं उत्तर देतात. तुमच्या त्या दोघांवर उपाय सोपा आहे. एक गुळगुळीत दगड ठेवा. तो ज्याच्या हातात असेल तो बोलेल. बोलायचं नसेल त्याने दगड पुढे द्यावा, त्याबद्दल कुणी काही म्हणायचं नाही. तीन-चार रविवार नुसता दगड पुढे सरकवणारी मुलं पुढे बोलायला लागतात.

आणि मग असे प्रश्न येतात की रविवारचा सगळा शीण जातो. या दाखल्यावर मुलं हमखास विचारतात, ‘मेंढपाळ गेला तेव्हा त्या नव्याण्णवांकडे कोण बघत होतं?’ प्रश्न एकदम खरा आहे आणि मोठी माणसं तो कधी विचारत नाहीत. लगेच उत्तर तयार करू नका. ‘मलाही माहीत नाही, बघू या’ म्हणा आणि वाचता येणाऱ्या मुलांना शास्त्र उघडून द्या. लूक म्हणतो, ती रानात होती. हाच दाखला मत्तय १८ मध्येही आहे, तिथे ती डोंगरावर आहेत. राखणीला कोण होतं, ते दोघंही सांगत नाहीत. आठ वर्षांच्या मुलाने हे स्वतः शोधून काढलं की त्याचा चेहरा बघा. आपण विचारलेल्या प्रश्नासाठी मोठ्यांनी शास्त्र उघडलं, ही गोष्ट ते मूल विसरत नाही.

सगळ्या गोष्टी सगळ्या वयाला चालत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांना रूपकं सहसा कळत नाहीत, ती शब्द जसाच्या तसा घेतात. ‘येशू हृदयात राहतो’ म्हटलं की तो आत मावतो कसा, ही त्यांना खरोखरची काळजी लागते. द्राक्षवेल, मीठ, प्रकाश हे मोठ्या मुलांसाठी ठेवा. लहानांना जिथे कुणीतरी काहीतरी करतं अशा गोष्टी द्या: हरवलेलं मेंढरू, झाडावर चढलेला जक्कय, वादळ शांत करणं, पाच भाकरी आणि दोन मासे. भाकरी-मासे योहान ६ मधूनच घ्या. चारही शुभवर्तमानांत तो चमत्कार आहे, पण डबा घेऊन आलेला मुलगा फक्त योहानात भेटतो, आणि मुलांना तोच हवा असतो. जक्कयाची गोष्ट मराठी शास्त्रात उंबराच्या झाडावर घडते. इंदुरात उंबर सापडणं अवघड नाही. दोन-चार पानं आणि फळं आणून सतरंजीवर ठेवा. अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी देण्यासाठी वेदीवर ठेवल्याची गोष्ट सात वर्षांखालच्या मुलांना सांगू नका. आपले वडील असं करतील का, ही भीती ती घरी घेऊन जातात आणि कुणाला बोलून दाखवत नाहीत. वधस्तंभाची गोष्ट लहानांना थोडक्यात सांगा, पण त्याच बैठकीत पुनरुत्थानापर्यंत न्या. येशूच्या मरणापाशी अर्धी सोडून पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

हातकामाबद्दल पालकांची तक्रार अगदीच चुकीची नाही. छापील चित्र रंगवायला दिलं तर त्याचा गोष्टीशी संबंध तुटतो, मूल रेषेच्या आत राहण्याच्या खटपटीत असतं. त्यापेक्षा हाताने काहीतरी घडवायला द्या. चौदा मुलांना पुरेल एवढी मळलेली कणीक घरीच होते. दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि दोन मोठे चमचे तेल एकत्र करा आणि पाऊण ते एक कप पाणी थोडंथोडं घालत मळा. पिवळी हवी असेल तर चिमूटभर हळद. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा येतो. पाणी एकदम ओतलं तर चिकट होते, मग मैदा वाढवत बसावं लागतं आणि मिठाचं प्रमाण बिघडतं. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा आदल्या दिवशी केला तरी पाझरतो. जुलै ते सप्टेंबर तो रविवारी सकाळीच मळा. इतर दिवसांत झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर टिकतो. यात मीठ फार असतं, तोंडात घालू नका असं आधीच सांगा आणि चार वर्षांच्या मुलांकडे मदतनीस मुलीने लक्ष ठेवावं. याच्या पाच भाकरी आणि दोन मासे, जक्कयाचं झाड, गालील समुद्रातली नाव, सगळं होतं.

कापसाचं मेंढरू करायचं असेल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घ्या, जाड असतात आणि फुकट मिळतात. मुलांच्या हातात फेव्हिकॉलची बाटली देऊ नका. बाटलीच्या झाकणात थोडा काढून दोघांत एक द्या. गोंद जास्त झाला की कापूस भिजून गोळा होतो आणि वाळल्यावर गळतो. आणि मुलं बोटाला गोंद लावून मग कापूस उचलतात, त्यामुळे मेंढरू कागदाऐवजी बोटाला चिकटतं. कापसाचे छोटे पुंजके आधी सोडवून ठेवा, गोंद कागदावर बोटाने पसरवायचा, ते बोट ओल्या फडक्याला पुसायचं आणि मगच कापूस घ्यायचा, असं एकदा करून दाखवा. कात्र्या बोथट टोकाच्या आणि एखादी डावखुऱ्या मुलासाठी. खजुरी बाजारात स्टेशनरी घ्यायला जाल तेव्हा स्केचपेन टाळा. झाकणं हरवून ते दोन आठवड्यांत वाळतात. मेणखडूचे तुकडे झाले तरी चालतात. सगळ्यांची मेंढरं सारखी दिसली पाहिजेत असा आग्रह मात्र धरू नका. नमुना दाखवून बाजूला ठेवा. तो समोर राहिला की मुलं नक्कल करतात आणि जमलं नाही की रडतात. पाच पायांचं मेंढरू आलं तर ते मेंढरूच आहे.

याच पंधरा मिनिटांत वयातली दरी सांभाळता येते. गोष्ट सगळ्यांना एकत्र सांगा. हातकामाला सात ते नऊ वर्षांची मुलं दुसऱ्या कोपऱ्यात घ्या आणि त्यांना शास्त्र उघडून तो भाग वाचू द्या, गालीलचा नकाशा काढू द्या किंवा गोष्टीचा संवाद लिहू द्या. दर वेळी त्यांना लहानांचे मदतनीस करून ठेवलं तर त्यांची स्वतःची शाळा राहतच नाही. दहाव्या वर्षी मुलं येणं थांबवतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

वचन विसरण्याचं कारण असं की एकाच बैठकीत वीसदा म्हटलेलं तेवढ्यापुरतं तोंडात बसतं, आणि नंतर आठवून पाहायची वेळच येत नाही. वचन महिन्यातून एक घ्या. सहाखालच्या मुलांना चार ते सात शब्द पुरेत. स्तोत्र २३ मधलं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढंसुद्धा चालतं. मोठ्यांना बारा-पंधरा शब्द. पहिल्या रविवारी हातवाऱ्यांसह पाच-सहा वेळा म्हणा. दुसऱ्या रविवारी एकेक शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या विस्कटून द्या आणि लावायला सांगा. तिसऱ्या रविवारी आधी म्हणून दाखवू नका. मुलांनाच आठवू द्या, अडली तर पहिलं अक्षर सांगा. चौथ्या रविवारी कुजबुजत, मग मोठ्याने, मग फक्त हातवारे करून. आठवताना जी धडपड होते तिनेच ते पक्कं बसतं. पाठ म्हणणाऱ्याला चॉकलेट देऊ नका, हजेरीचे तारेही लावू नका. ज्याला पाठ होत नाही ते मूल मागे बसायला लागतं. आणि सहा वर्षांचं मूल येतं की नाही हे त्याच्या आईवडिलांवर असतं, त्याच्या नावापुढची रिकामी जागा त्याने का पाहावी?

प्रार्थनेत प्रत्येकाने एक वाक्य बोलावं. कुत्र्यासाठी, बाबांच्या बंद पडलेल्या स्कूटरसाठी, हरवलेल्या रबरासाठी. हसू नका, सुधारू नका. तुमच्या वहीत नाव आणि विषय टिपून ठेवा आणि पुढच्या रविवारी ते मूल दारात आलं की विचारा, ‘आजीचा पाय आता कसा आहे?’ एका वाक्याचं काम आहे, पण मूल तुमच्याकडे येतं ते यामुळे. शब्बाथ शाळा आणि रोजची शाळा यांत हाच फरक आहे, इथे परीक्षा नाही आणि कुणी नापास होत नाही. मोठ्यांना जे धीटपणे मागता येत नाही ते मुलं सहज मागतात, आणि ते ऐकत बसायला मिळणं हे या कामाचं फार मोठं सुख आहे.

रडणाऱ्या मुलीसाठी आईला दोन-तीन रविवार खोलीत भिंतीजवळ बसवा. आईने खेळवायचं नाही, नुसतं दिसत राहायचं. मग एके दिवशी आईने सांगून जावं, ‘मी बाहेर उपासनेत आहे, गीत संपलं की येते’, आणि खरंच यावं. डोळा चुकवून निघून जाणं सगळ्यात वाईट. त्यानंतर मूल दाराकडेच बघत बसतं. तिला दर वेळी एकच काम द्या, सतरंजीवर मेणखडूंच्या वाट्या मांडायचं. जिला काम असतं तिला आपली जागा सापडते.

दंगा करणाऱ्यासाठी दोनच नियम ठेवा: आपले हात आपल्याजवळ, आणि एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात. नियम मोडला की लांबून ओरडू नका, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि गोष्ट पुढे चालू ठेवा. बहुतेक वेळा एवढं पुरतं. ‘देव रागावेल’ हे वाक्य तुमच्या खोलीत कधीही येता कामा नये. शिस्तीसाठी देवाची भीती घातली की तुम्ही सांगितलेला मेंढपाळ त्या मुलासाठी खोटा ठरतो.

भाषेचं. मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी आणि घरी मराठी बोलत असतील, आणि सगळी मराठी घरची नसतील, तर गोष्ट हिंदीत सांगा आणि गीत व वचन दोन्ही भाषांत ठेवा. लहान मुलांना खरा गोंधळ होतो तो नावांचा. हिंदी शास्त्रातला दाऊद मराठीत दावीद असतो, मूसा मोशे, नूह नोहा आणि यूहन्ना योहान. एका गोष्टीत एकच नाव शेवटपर्यंत वापरा आणि दुसरं चिठ्ठीवर लिहून घरी पाठवा. देवनागरी हिंदीमुळे येतेच, त्यामुळे मोठी मुलं मराठी वाचू शकतात. अडतात ती ‘ळ’पाशी आणि ‘माझा’मधल्या ‘झ’च्या उच्चारापाशी. तेवढं आजी-आजोबांवर सोपवा, रविवारी संध्याकाळी नातवंडाला वचन वाचायला लावायचं काम त्यांना आनंदाचंच वाटेल.

ही चिठ्ठी पालकांच्या तक्रारीवरही उपाय आहे. चार ओळी पुरतात: आजची गोष्ट आणि तिचा संदर्भ, महिन्याचं वचन, दुसऱ्या भाषेतली नावं, आणि वाटेत विचारायचा एक प्रश्न. ‘आज काय शिकलास?’ला उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. ‘मेंढपाळाने घरी आल्यावर कुणाकुणाला बोलावलं?’ असं विचारलं की मूल पूर्ण गोष्ट सांगतं, आणि नुसतं रंगवणं चाललंय की काय ही शंका राहत नाही.

काही गोष्टी मंडळीच्या पंचांशी बोलून पक्क्या करा. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं किंवा काच असलेलं. बाथरूमला मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर जाऊ नये. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं त्याची नावं वहीत लिहिलेली असावीत. एखाद्या मुलाने कुणी त्रास देत असल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. मंडळीची अब्रू हा तिथे मुद्दा नसतो. आणि झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) शिंदीच्या झावळ्या आणणार असाल तर पानांची टोकं आधी कात्रीने कापा. ती डोळ्याच्या उंचीवर असतात आणि सुईसारखी टोचतात.

नाताळच्या नाटकाने नोव्हेंबर-डिसेंबर गिळून टाकू नयेत. तालीम तासातून फक्त हातकामाच्या पंधरा मिनिटांत घ्या, गोष्ट आणि प्रार्थना ठेवाच. सहाखालच्या मुलांना संवाद देऊ नका. त्यांना मेंढरं आणि तारे करा, निवेदन नऊ वर्षांच्यांनी करावं. कपडे घालून एक तालीम आधीच्या शनिवारी घ्या, नाहीतर ऐन वेळी डोक्यावरचा फेटा सुटतो आणि मेंढपाळ रडायला लागतो.

शेवटी तुमच्याबद्दल. जूनपासून तुम्ही स्वतः एकाही उपासनेला बसलेल्या दिसत नाही, आणि डोकं धरून घरी येण्यात याचाही वाटा आहे. महिन्यातला एक रविवार तुमचा. पाळकसाहेबांकडे पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा लिहून द्या आणि त्या दिवशी मुलं घेईल असं एक नाव त्यांच्याकडून मिळवा. ‘कुणीतरी बघेल’ यावर थांबू नका. ती व्यक्ती आदल्या रविवारी तुमच्या खोलीत येऊन बसू दे, मुलांना तिचा चेहरा ओळखीचा होऊ दे, आणि गोष्टीचा तीन वाक्यांचा कागद व हातकामाची पिशवी तिच्या हातात द्या. मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलीलाही दर महिन्याला एक गोष्ट सांगायला द्या. तिने पहिल्यांदा जक्कयाची घ्यावी. ती छोटी आहे, झाडावर चढायचे हातवारे मुलं आपणहून करतात, आणि उंबराची पानं तिला तुम्ही आणून द्या.